दोन लाख किलोमीटर चाललेली डिझेल एर्टिगा: घ्यावी का, आणि घेतलीच तर आधी काय उघडावं

पहिल्या पिढीची डिझेल एर्टिगा, म्हणजे एप्रिल २०१२ ते २०१८ मधली, आज जुन्या बाजारात मिळते ती बहुतेक दीड ते अडीच लाख किलोमीटर पळालेली. 'फक्त ६५ हजार, वन ओनर, टॉप कंडिशन' असं वाचलं की आधी मीटरवर संशय घ्यावा. पेट्रोलपेक्षा जास्त पैसे मोजून डिझेल घेणारा माणूस ते पैसे वसूल करायला गाडी पळवणारच. सात सीट, गणपतीला कोकण, मे महिन्यात गाव, लग्नसराईत पाहुणे, असा हिशेब धरला तर वर्षाला वीस हजार सहज होतात. म्हणून दोन लाखांच्या आकड्याला घाबरू नये. हे इंजिन नीट सांभाळलं तर त्यापुढेही चालतं. घाबरायचं असेल तर तेलाच्या बिलांना घाबरा, विशेषतः ती दाखवता येत नसतील तेव्हा.

आधी इंजिनाबद्दल. बॉनेटखाली १२४८ सीसीचं फियाटचं मल्टिजेट आहे, मारुतीने त्याला डीडीआयएस नाव दिलं. स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, पुंतो, लिनिया, व्हिस्टा, मांझा, झेस्ट या सगळ्यांत थोड्याफार फरकाने हेच. मारुतीची बरीचशी इंजिनं फियाटच्या परवान्यावर मानेसरला बनली, फियाट आणि टाटाची आपल्या रांजणगावला, आणि २०१२ मध्ये मारुतीनेही रांजणगावहून इंजिनं घ्यायचा करार केला. याचा फायदा असा की हे इंजिन हाताखालून गेलेला मिस्त्री तालुक्याच्या गावीही सापडतो आणि पार्टही अडत नाहीत.

पण इथेच एक गोची आहे. स्विफ्ट-डिझायरचं इंजिन ७५ पीएस आणि १९० न्यूटन-मीटरचं, साध्या टर्बोचं. एर्टिगाचं ९० पीएस आणि २०० न्यूटन-मीटरचं, आणि टर्बो व्हीजीटी, म्हणजे आतली पाती हलणारा. 'सगळं स्विफ्टचंच बसतं साहेब' हे वाक्य फिल्टर आणि बऱ्याचशा किरकोळ सामानापुरतं खरं. टर्बो, इंजेक्टर आणि त्यांच्या आसपासचं काहीही घेताना चासी नंबर देऊनच पार्ट नंबर काढावा. पुण्याच्या नाना पेठेत किंवा कुर्ल्याच्या भंगार बाजारात जुना टर्बो शोधणाऱ्याने तर नक्कीच.

तीन लिटरचा सगळा खेळ

या इंजिनाच्या सम्पमध्ये, म्हणजे तळाच्या तेलाच्या डब्यात, तेल मावतं फिल्टरसकट तीन ते सव्वातीन लिटर. एवढ्याशा तेलावर टर्बोचं बेअरिंग, टायमिंग चेनचा टेन्शनर आणि हायड्रॉलिक लिफ्टर असे सगळे अवलंबून. सम्प लहान असला की काजळी लवकर साठते आणि पातळी उतरली की फटका लवकर बसतो. हजार किलोमीटरला २०० मिली तेल जाणारं इंजिन या वयात वाईट म्हणता येणार नाही, पण पुस्तिकेप्रमाणे दहा हजारांवर सर्व्हिस करायची आणि मध्ये डिपस्टिक काढायचीच नाही, तर तोवर दोन लिटर उडालेलं असतं. उरतं एक लिटर. आणि तेलाचा लाल दिवा लागतो तो प्रेशर पडल्यावर, पातळी उतरल्यावर नव्हे. दिवा लागेपर्यंत बेअरिंगने मार खाल्लेला असतो.

म्हणून जुनी गाडी बघायला जाताना सकाळी जावं आणि 'गाडी सुरू करून ठेवू नका' असं आदल्या दिवशीच सांगावं. गेल्यावर पहिली गोष्ट, बॉनेटवर तळहात ठेवा. कोमट लागला तर मालकाने आधीच फिरवून आणलीय, म्हणजे ऐकू नये असं काहीतरी आहे. दुसऱ्या दिवशी परत जावं.

गार इंजिन सुरू केल्यावर पहिले दोन-तीन सेकंद थोडी खडखड होते ती टेन्शनरमध्ये तेल भरेपर्यंतची. तेवढी चालते. त्याच्यापुढे पट्ट्याच्या बाजूने पत्र्याच्या डब्यात खिळे हलवल्यासारखा आवाज येत राहिला, किंवा इंजिन गरम झाल्यावरही रेस सोडताना तो पुन्हा उमटला, तर चेन ताणली गेलेली आहे. या इंजिनात टायमिंगला बेल्ट नाही, चेन आहे, आणि 'चेन आहे म्हणजे आयुष्यभर बघायला नको' हा समज सगळ्यात महागात पडतो. चेनचं आयुष्य तेलावर ठरतं. वेळेवर तेल बदललेल्या गाडीत ती दोन लाखांवरही शांत असते. ओढून-ताणून पंधरा हजारांवर तेल बदललेल्या गाडीत सव्वा लाखातच वाजते. चेनने दात सोडला की पिस्टन व्हॉल्व्हला भिडतो. नशीब चांगलं असेल तर मधले रॉकर तुटून व्हॉल्व्ह वाचतात, नसेल तर हेड खोलावं लागतं.

मग चालू इंजिनावर तेलाचं झाकण उघडा. थोडी वाफ येणं ठीक. पण झाकण नुसतं ठेवलं तर ते नाचू लागलं आणि धूर ठेक्यात भसाभसा येत असेल, तर ते बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टनच्या रिंगा गेल्या. ती गाडी सोडून द्यावी, कितीही स्वस्त असो. झाकणाची आतली बाजूही बघा. डिझेलचं तेल बदलल्यावर पाच-सातशे किलोमीटरमध्येच काळं होतं, त्यामुळे डिपस्टिकवर काळं तेल दिसलं म्हणून नाक मुरडू नये. झाकणाच्या आत बोटाने खरवडता येईल असा काळा, लोण्यासारखा थर असेल तर मात्र तेलाची हेळसांड झालेली आहे. पातळी वरच्या खुणेच्याही वर आणि तेलाला डिझेलचा वास असेल तर इंधन तेलात उतरतंय. तेही नको.

गाडी घेतल्यावर तेल बदलणं हे पहिलं काम, पण ते करताना एक चूक हमखास होते. जुनं इतिहास-माहीत-नसलेलं इंजिन 'स्वच्छ' करायला म्हणून फ्लश टाकला जातो. आतला साठलेला गाळ एकदम सुटतो आणि तेल ओढणाऱ्या जाळीवर जाऊन बसतो. दोन लाखांच्या इंजिनात फ्लश टाकू नये. त्याऐवजी तेल आणि फिल्टर बदला, अडीच हजार किलोमीटर चालवा, पुन्हा बदला. गाळाचा संशय जास्त असेल तर सम्प खाली उतरवून जाळी हाताने धुऊन घ्यावी. काम फार मोठं नाही, फक्त सम्प परत बसवताना जुना सिलंट पूर्ण खरवडून नवा पातळ लावायला हवा. मिस्त्री लोक बोटभर जाड ओढतात, आत दाबलेला भाग सुटतो आणि तोच जाळीत अडकतो.

तेल बदलताना इंजिन गरम, गाडी सपाट जागी. ड्रेनचा बोल्ट काढून किमान पंधरा मिनिटं निथळू द्या, बोल्टचा वॉशर नवा घाला. फिल्टर कागदी, प्लास्टिकच्या झाकणाच्या घरात बसणारा आहे. नव्या फिल्टरबरोबर येणारी रबरी रिंग जुन्या रिंगच्या खाचेतच बसवायची आणि तिला आधी बोटाने तेल लावायचं. कोरडी रिंग पिळली जाते आणि आठवड्याने इंजिनाच्या पुढच्या अंगाला तेलाचा ओघळ दिसतो. झाकण प्लास्टिकचं आहे, पान्यावर लोंबकळून आवळायचं नाही. आधी तीन लिटर भरा, इंजिन एक मिनिट चालवून बंद करा, पाच मिनिटं थांबून डिपस्टिक बघत उरलेलं थोडंथोडं घाला. ग्रेड पुस्तिकेतला, सहसा ५डब्ल्यू-३० सिंथेटिक. 'जुन्या इंजिनाला जाड तेल' म्हणून २०डब्ल्यू-५० भरणारे आहेत. सकाळी सुरू करताना टेन्शनर आणि टर्बोपर्यंत ते जाड तेल उशिरा पोचतं, म्हणजे जे वाचवायचं त्यालाच मार. बदलाचं अंतर या वयात साडेसात हजारांच्या वर जाऊ देऊ नये आणि दर हजारला डिपस्टिक बघावी.

चेनचं काम निघालंच तर पूर्ण किट घाला: चेन, टेन्शनर, दोन्ही गाइड आणि चाकं. नुसती चेन बदलली तर झिजलेल्या दातांवर नवी चेन सहा महिन्यांत जुनी होते. सम्प, क्रँक पुली, इंजिन माउंटिंग, पुढचं कव्हर एवढं सगळं उतरतं, म्हणून बिल पाच आकडी होतं. त्याच कव्हरमध्ये ऑइल पंप आहे, तो तेव्हाच तपासून घ्यावा. गॅरेज निवडताना एकच प्रश्न विचारा, 'क्रँक आणि कॅम लॉक करायचं टूल आहे का?' 'गरज नाही, आपण व्हाइटनरने मार्किंग करून बसवतो' असं उत्तर आलं तर नमस्कार करून निघावं.

इंजेक्टर, ईजीआर, टर्बो: आधी स्वस्त ते तपासा

इंजिन चालू असताना वरचं काळं कव्हर काढून इंजेक्टरच्या बुडाशी बघा. तिथे डांबरासारखा काळा, टणक थर आणि ठेक्यात 'फुस-फुस' आवाज असेल, तर इंजेक्टरखालचा तांब्याचा वॉशर गेलाय आणि कॉम्प्रेशन बाहेर येतंय. वॉशर अगदी मामुली किमतीचा. पण दुर्लक्ष केलं तर तो जळका वायू हेडमधली बसायची जागाच खातो आणि थर दगडासारखा होऊन इंजेक्टर आत चिकटतो. मग तो काढताना तुटतो. काढायचा असेल तर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल सोडून ठेवावं, स्क्रू ड्रायव्हरने उचकटू नये. जागा कटरने साफ करून नवा वॉशर, नवा बोल्ट. जुनाच वॉशर तापवून परत बसवायची पद्धत आहे, ती इथे चालत नाही.

इंजेक्टर खरंच खराब आहेत का हे रिटर्नच्या चाचणीने कळतं. चारही इंजेक्टरच्या परतीच्या नळ्या सोडवून चार सारख्या बाटल्यांत घ्यायच्या (सलाइनच्या नळ्या आणि बाटल्या यासाठी झकास), इंजिन एक-दोन मिनिटं स्लोवर, म्हणजे रेस न देता, चालवायचं आणि पातळी बघायची. तीन बाटल्यांत सारखं आणि चौथीत दुप्पट असेल तर दोषी तोच. चारही सरसकट बदलायला सांगणाऱ्याला ही चाचणी समोर करून दाखवायला सांगा. नवा किंवा दुरुस्त केलेला इंजेक्टर बसवल्यावर त्याच्या अंगावर कोरलेला कोड स्कॅनरने ईसीयूत, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये, भरावा लागतो. तो न भरल्यामुळे 'नवीन इंजेक्टर टाकूनही गाडी थरथरते' अशी तक्रार घेऊन लोक गॅरेज बदलत फिरतात.

डिझेल फिल्टर वीस हजारांना बदलावा, तळाचं पाणी त्याच्या निम्म्या अंतरावर सोडावं. पावसाळ्यात थोडं लवकर. फिल्टर बदलल्यावर हवा नीट काढली नाही तर गाडी सुरू होऊन बंद पडते. त्यावर स्टार्टर मारत बसायचं नसतं, हवा काढायची असते.

ईजीआर, म्हणजे एक्झॉस्टचा थोडा वायू परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह, हा शहरात चालणाऱ्या गाड्यांचा आजार. एक्झॉस्टची काजळी आणि ब्रीदरमधून येणारी तेलाची वाफ एकत्र झाली की इनटेक मॅनिफोल्डमध्ये आणि व्हॉल्व्हवर डांबर तयार होतं. रेस दिल्यावर गाडी आधी अडखळते, मग काळा धूर सोडून पळते, मधूनच इंजिनाचा दिवा लागतो. स्कॅनरवर पी०४०१, म्हणजे ईजीआरचा प्रवाह कमी, दिसला तर व्हॉल्व्ह काढून कार्ब क्लीनरने धुवावा. बरेचदा एवढ्यानेच काम होतं. मॅनिफोल्ड काढून धुणं हे मोठं काम आहे, पण दोन लाखांत ते एकदाही झालेलं नसेल तर केल्यावर गाडीचा पिकअप ओळखू येत नाही. प्लेट मारून ईजीआर बंद करायचा सल्लाही मिळेल. त्याने धूर उलट कमी होतो, म्हणून पीयूसीत पकडलं जात नाही. पण नायट्रोजन ऑक्साइड वाढतात, ते बेकायदा आहे, आणि ईसीयूला प्रवाह अपेक्षित असल्यामुळे दिवा लागतच राहतो. मग तो दिवा घालवायला सॉफ्टवेअरशी खेळ. त्या नादी न लागलेलं बरं.

पीयूसीचं म्हणाल तर बीएस-४ डिझेलला धुराची मर्यादा १.६२ आहे. त्यात नापास होणाऱ्या गाडीचा एअर फिल्टर आधी बघा, मग ईजीआर, मग इंटरकूलरचे (टर्बोची हवा गार करणाऱ्या जाळीचे) पाइप. इंजेक्टर सगळ्यात शेवटी.

टर्बोच्या नावाखाली सगळ्यात जास्त पैसे उकळले जातात. लक्षण असं: घाटात चौथ्या गिअरला दाबलं की गाडी एकदम मरते, साधारण तीन हजार आरपीएमच्या वर जात नाही, बंद करून चालू केली की पुन्हा नीट. हा लिम्प मोड, म्हणजे ईसीयूने इंजिन वाचवायला आवरलेली ताकद. 'टर्बो गेला' असं लगेच सांगितलं जातं. टर्बो जातो तेव्हा तो असा बंद-चालू केल्यावर बरा होत नाही. व्हीजीटीची पाती व्हॅक्यूमवर हलतात. व्हॅक्यूम पंपापासून एका सोलेनॉइडमार्गे (विजेवर चालणारा व्हॉल्व्ह) टर्बोच्या डब्यापर्यंत बारीक रबरी नळ्या जातात. दहा वर्षं इंजिनाच्या उष्णतेत राहिल्यावर त्या टोकाला चिरतात. चार बोटं लांबीचा तो तुकडा बदलून अनेक 'गेलेले' टर्बो जिवंत होतात. म्हणून क्रम ठरलेला ठेवावा: व्हॅक्यूमच्या नळ्या, सोलेनॉइड, इंटरकूलरचे पाइप आणि क्लिपा, मग पाती काजळीने अडकलीत का, आणि त्यानंतरच टर्बो. इंटरकूलरचा पाइप फुटला असेल तर रेस दिल्यावर शिट्टी नाही, 'सूं' असा हवेचा आवाज येतो आणि फाटलेल्या जागी तेलकट काजळी दिसते. स्कॅनरवर पी०२९९ म्हणजे दाब कमी, पी०२३४ म्हणजे जास्त. जास्त दाबाचा कोड येत असेल तर पाती अडकल्याचा संशय पक्का.

टर्बो खरोखर तपासायचा तर इनटेकचा पाइप काढून शाफ्ट बोटांनी हलवा. आडवा अगदी किंचित हलला तर चालेल, तेलाच्या थरासाठी तेवढी जागा लागते. पुढे-मागे हलत असेल किंवा पात्यांनी घराला घासल्याच्या खुणा असतील तर तो संपला. पाइपच्या आत तेलाचा हलका ओलावा असतोच, तळ्यासारखं साचलेलं नसावं. टर्बो बदलला तर त्याची तेल पुरवणारी नळी आणि बोल्टही नवे घालावेत. जुन्या नळीत जळून बसलेलं तेल नव्या टर्बोलाही उपाशी मारतं. आणि खंबाटकी किंवा आंबोली चढून वर पोचलात की लगेच किल्ली फिरवू नका. एक मिनिट स्लोवर चालू ठेवा. त्याच घाटात १,८०० च्या खाली ओढू नये. या इंजिनाचा जोर त्याच्या वर आहे, खाली नुसती काजळी बनते आणि क्लच जळतो.

बाकीचं, जे चालवताना कळतं

क्लच सात माणसांच्या गाडीत लाखाच्या आसपास बदलावा लागतो, म्हणजे दोन लाखांच्या गाडीत दुसरा क्लच चालू असायला हवा. चढावर चौथ्या गिअरला ताशी चाळीसच्या वेगात एकदम दाबा. काटा वर गेला आणि गाडी तशीच राहिली तर क्लच सरकतोय. गिअरबॉक्स उतरणारच आहे तर प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग एकत्र घाला आणि क्रँकचं मागचं ऑइल सीलही. सीलची किंमत किरकोळ, पण नंतर गळलं तर तीच मजुरी पुन्हा. गिअरचं तेल 'लाइफटाइम' म्हणून कोणी हात लावत नाही. भरायच्या भोकाच्या काठापर्यंत येईल इतकं नवं तेल भरून घ्या, सकाळचा दुसरा गिअर मऊ पडतो.

पुढे खड्ड्यात 'टक-टक' येतं त्यात पहिला आरोपी लिंक रॉड. तो स्वस्त. मग लोअर आर्मचे बुश आणि बॉल जॉइंट, मग शॉकअपच्या वरचं माउंटिंग. स्टिअरिंग उभ्या गाडीत फिरवताना वरून 'टण्' आवाज येत असेल तर ते माउंटिंगचं बेअरिंग. शॉकअप दोन्ही बाजूंचे एकदम बदलावेत. नुसता बुश दाबून घालायचा की अख्खा आर्म, यात आर्म सोयीचा, कारण बॉल जॉइंटही त्याच वयाचा असतो. एक्सलचे रबरी बूट हात घालून दाबून बघा. फाटलेला बूट आज बदलला तर थोडक्यात भागतं, पावसाळ्याचा चिखल आत गेला की जॉइंट जातो आणि पूर्ण वळवताना 'कट-कट' सुरू होते.

गाडी स्लोवर उभी असताना सीट आणि आरसा थरथरत असेल तर इंजेक्टरला हात लावण्याआधी माउंटिंग बघा. तीन सिलिंडरवर चाललेल्या इंजिनासारखी ती थरथर वाटते, असते रबराची.

ब्रेक साधे आहेत, पुढे डिस्क आणि मागे ड्रम. ब्रेकचं तेल दोन वर्षांनी बदलावं. ते पाणी शोषतं आणि भरल्या गाडीत घाट उतरताना पेडल मऊ पडतं. ॲव्हरेज अचानक पडलं तर चाकं तापतात का बघा, कॅलिपर जाम झालेला असू शकतो. कंपनीचा आकडा सुरुवातीच्या गाड्यांना लिटरला २०.७७ होता. भरल्या गाडीने हायवेला अठरा मिळाले तर गाडी तंदुरुस्त समजावी. बाराच्या आसपास मिळत असेल तर आणखी एक जागा तपासा: थर्मोस्टॅट. तो उघडाच अडकला तर इंजिन तापतच नाही आणि ईसीयू जास्त डिझेल सोडत राहतो. हजार-बाराशेचा ब्लूटूथ स्कॅनर मोबाइलला जोडून पंधरा मिनिटं चालवल्यावर कुलंट ८५ ते ९५ अंशांच्या दरम्यान दिसायला हवा.

कुलंटच्या टाकीत गंजाळ लाल पाणी दिसलं तर वर्षानुवर्षं नळाचं पाणी भरलेलं आहे. हेड ॲल्युमिनियमचं आहे, त्याला ते मानवत नाही. गार इंजिन सुरू करून दोन मिनिटांत वरचा होज दगडासारखा फुगला, टाकीत बुडबुडे आले, तर गॅसकेट गेलीय. घेऊ नये.

एसीची परीक्षा दुपारी बारा वाजता, मागचा छतातला ब्लोअर तिन्ही गतींवर लावून, तिसऱ्या रांगेत स्वतः बसून. ऑक्टोबर २०१५ नंतरच्या एसएचव्हीएसवाल्या (मारुतीची माइल्ड हायब्रिड) गाडीत बॅटरी वेगळ्या प्रकारची आणि महाग आहे. मागच्या मालकाने तिथे साधी बॅटरी ठोकलेली असते, सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणं थांबतं आणि साधी बॅटरी वर्षभरात बसते. बॅटरीवरचं लेबल वाचा आणि त्याप्रमाणे किंमत पाडून मागा. पट्टा आणि त्याचा टेन्शनरही या गाडीत जास्त राबतात, कारण स्टार्टरचं कामही तोच पट्टा करतो.

कागद

मीटर खरं आहे का याचं सगळ्यात सोपं उत्तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवर आहे. गाडी तिथे गेली असेल तर प्रत्येक भेटीचं किलोमीटर नोंदलेलं असतं. मालकाला बरोबर नेऊन तो इतिहास काढून घ्या. त्यात आकड्यापेक्षा अंतरं बघा: दोन तेल-बदलांमध्ये किती किलोमीटर गेले? सलग दहा हजारांच्या आत दिसलं तर दोन लाख तीस हजारवाली गाडी घ्यावी आणि बिलं नसलेली एक लाख वीस हजारवाली सोडावी. क्लच पेडलचं रबर, ड्रायव्हर सीटची कड आणि स्टिअरिंगची चकाकी हेही खोटं बोलत नाहीत. लाखाच्या आतल्या गाडीत पेडलचं रबर गुळगुळीत होत नाही.

दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिकडच्या गाड्या एनओसी घेऊन इकडे येतात. स्वस्त असतात, पण महाराष्ट्रात पुन्हा रोड टॅक्स भरावा लागतो, तो धरला की फरक बराच आटतो. त्यांचा पत्रा मात्र कोरडा असतो. उलट रत्नागिरी-मालवणच्या किनारपट्टीला राहिलेली गाडी खालून बघितल्याशिवाय घेऊ नये: दारांच्या खालच्या कडा, मागच्या बीमच्या बैठका, ब्रेकच्या लोखंडी नळ्या. नळीवर पापुद्रा सुटलेला दिसला तर ती आधी बदला, म्युझिक सिस्टिम नंतर.

वाहन पोर्टलवर कर्जाचा बोजा, विम्याची तारीख आणि ई-चलनं बघून घ्या. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाडीला एचएसआरपी नंबर प्लेट बसलेली असावी. आणि २०१२ ची गाडी घेत असाल तर तिचं पासिंग २०२७ मध्ये संपतंय हे विसरू नका: फिटनेस तपासणी, आरसी नूतनीकरणाची फी आणि वर पर्यावरण कर. तो सगळा आकडा काढून आजच्या किमतीतून वजा करायचा. मालक म्हणेल, 'त्याला अजून वेळ आहे.' वेळ आहे, पण तोवर गाडी तुमच्या नावावर असेल.